बरणीतलं बांधाचं पाणी

मी गोंदियाहून दरेकसाला शाळेत शिकवायला जात होतो, तेव्हा ती पॅसेंजरमध्ये एकदाच माझ्यासमोर बसली होती. साठीची, नवेगाव बांधकडची. मांडीवर प्लास्टिकची बरणी, तीत बांधाचं, म्हणजे गावच्या मोठ्या तलावाचं, पाणी आणि बोटाएवढ्या दोन मासोळ्या. मुलगा तिला कायमची रायपूरला नेत होता. तो वरच्या बर्थवर झोपला होता. नातीने बांध कधी पाहिला नव्हता, म्हणून आजीने तिच्यासाठी हे एवढं सोबत घेतलं होतं.

गाडी सुटताना पाणी हिंदकळलं, तेव्हा तिने बरणी छातीशी धरली. पुढे गाडीने एकसारखा वेग धरला आणि पाणी निवांत झालं. ती खिडकीबाहेर पाहतच नव्हती.

"गाडी थांबली का, भाऊ?"

"नाही मावशी, चालू आहे. इंजिन जेवढं पुढे ओढतं, तेवढंच वारा आणि रूळ मागे ओढतात. दोन्ही जोर सारखे झाले, म्हणून धक्का बसत नाही," मी वर्गात सांगतो तसं सांगितलं.

तिने वर मुलाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मले बी दोन्हीकून तेवढंच ओढून राहिले. तिकडं नात, इकडं घर. लोकायले वाटते, बुढी कशी चुपचाप चालली."



दरेकसाला उतरलो, तर तिने खिडकीतून विचारलं, "वापस येनारी गाडी कोनत्या बाजूनं येते?"

मी पलीकडचा फलाट दाखवला. गाडी हलली, तरी ती मान वळवून त्या रिकाम्या फलाटाकडेच पाहत राहिली.