सुपरमार्केटच्या पंपावरचं पेट्रोल

आमच्या गाडीला कुठलं पेट्रोल घालायचं यावरून घरात वर्षभर धुसफूस चालली होती. भांडण म्हणता येणार नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो, आणि मुलगा नि सून दोघंही संध्याकाळी इतके दमून यायचे की चहाचा कपसुद्धा उचलून मोरीत ठेवायचं जिवावर यायचं.

गाडी जुनी, पण मोठी, चंदेरी रंगाची. मुलाचे ऑफिसातले साहेब निवृत्त झाले आणि लहान घरात राहायला गेले. तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती. इथे जपानात गाडी उभी करायच्या जागेचा कागद असल्याशिवाय गाडी बाळगता येत नाही. म्हणून त्यांनी ती माझ्या मुलाला जवळजवळ फुकटच दिली. किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली आणि वाकून एवढंच सांगितलं, की हिला हायओकूच घालत जा. हायओकू म्हणजे महागातलं, वरच्या प्रतीचं पेट्रोल. त्यांनी इतकी वर्षं दुसरं कधी घातलं नव्हतं. मुलानेही वाकून शब्द दिला. घरी आल्यावर आम्हाला म्हणाला, "हिची हयगय झाली तर मी ही गाडी ठेवणार नाही. त्यांना काय तोंड दाखवू?"

पण तो चालवायचा कुठे? तो सकाळी सातच्या ट्रेनने कावासाकीला जायचा. गाडी सुनेच्या हातात. नातीला पाळणाघरात सोडायचं आणि तसंच पुढे टेकडीपलीकडे एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवायला जायचं. तिकडची बस तासाला एक, आणि तिची वेळ पाळणाघराच्या वेळेशी जुळायची नाही. गाडी गेली की नोकरी गेली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पुण्यात ती कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती. इथे आल्यावर दोन वर्षं घरात बसून काढली. तेव्हा मी गावीच होते. एकदा फोनवर मला म्हणाली, "आई, आज दिवसभरात मी फक्त दुकानातल्या बाईशी बोलले. पिशवी नको, एवढंच." ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

सुरुवातीला आम्ही साहेबांच्या नेहमीच्या पंपावर जायचो. शनिवारी सामान आणायला निघालो की आधी तिथे. गाडी आत शिरली की तीन-चार माणसं ओरडत धावत यायची. कुणी काचा पुसायचं, कुणी आत डोकावून ओलं फडकं हातात द्यायचं, आतलं तुम्ही पुसा म्हणून. मागच्या सीटवर मी नातीला घेऊन बसलेली. सगळे माझ्याकडे बघून हसून काहीतरी विचारायचे. मला उत्तर येत नसे आणि घाम फुटायचा. निघताना ती माणसं रस्त्यावर येऊन, दुसऱ्या गाड्या थांबवून आम्हाला वाट करून द्यायची, आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत वाकून उभी राहायची. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता, आणि मला तो नको होता.

एका शनिवारी मीच म्हणाले, "अगं, त्या सुपरमार्केटच्या कोपऱ्यात पंप आहे ना, जिथे आपलं आपण भरायचं. तिथे जाऊ या. तिथे कुणी काही विचारत नाही."

"तिथे स्वस्तही आहे, आई," ती म्हणाली.

तिथे खरंच शांत होतं. आधी एका काळ्या चकतीला हात टेकवायचा, अंगातली वीज जाण्यासाठी. मग नळी उचलायची. लाल साध्या पेट्रोलची, पिवळी हायओकूची. अक्षरं माझी नसली तरी रंग कळतात. पहिल्या दिवशी ती दोन्ही नळ्यांकडे बघत उभी राहिली. मग काचेशी वाकून म्हणाली, "आई, कुठली? स्वस्त पंपावर येऊन महाग घ्यायचं म्हणजे खानावळीत जाऊन घरचा डबा उघडायचा."

मी म्हणाले, "घाल ती लाल. पेट्रोल ते पेट्रोल. शेवटी धूरच व्हायचा."

मग तसंच सुरू झालं. चार वेळा लाल झाली की पाचव्या वेळी ती पिवळी उचलायची. "एरंडेल," म्हणायची. "पोट साफ."

मुलगा अधूनमधून मला एकटीला गाठून विचारायचा, "आई, ही हायओकूच घालते ना?"

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून मी भांडी घासत राहायची. चौथी शिकलेल्या बाईला हे उत्तर शोभून दिसतं, आणि मी ते आयुष्यात बरेचदा वापरलंय.

पानं लाल व्हायच्या दिवसांत मुलाने साहेबांना एका रविवारी समुद्रावर चला म्हटलं. आग्रहाने त्यांनाच गाडी चालवायला दिली. मुलगा त्यांच्या शेजारी, आम्ही तिघी मागे. साहेबांनी हातमोजे घातले होते. चढ लागला आणि पुढून टकटक आवाज यायला लागला, डब्यात चिंचोके हलवावेत तसा. लाल नळी सुरू झाल्यापासून प्रत्येक चढाला आम्ही तो ऐकायचो, आम्हाला सवय झाली होती. साहेबांनी मान जराशी कलती केली. वेग कमी केला. पुढे पहिला पंप दिसला तिथे गाडी वळवली. काच खाली करून दोन शब्द बोलले, आणि माणसं पिवळी नळी घेऊन आली. टाकी अर्धी भरलेली होती, तरी. मुलाने पाकीट काढलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि स्वतःचे पैसे दिले. मग पुन्हा हातमोजे चढवून निघाले.

मला मागून मुलाचे कान दिसत होते. लालबुंद झालेले.

"कधीपासून?" तो समोर बघत म्हणाला. मराठीत, पण आवाज हसरा. साहेबांसमोर आवाज चढवायची सोय नव्हती.

सुनेने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "काय सुंदर आहे रे समुद्र! वर्ष झालं असेल."

"लाज काढलीस माझी."

"तू एकदा तरी गेलायस का पंपावर? हस, ते बघतायत."

साहेबांनी काहीतरी विचारलं. मुलगा जपानीत काही म्हणाला, आणि मग आम्हाला, "त्यांना सांगितलं तुम्हाला समुद्र आवडला. उद्यापासून गाडी उभी राहील. बसने जा."

"आणि हिला पाळणाघरात कोण सोडणार?" आता तिच्या आवाजात हसू उरलं नव्हतं.

तेवढ्यात नात पुढे वाकून साहेबांना मोठ्याने म्हणाली, "केंका!" पाळणाघरातलाच शब्द. भांडण. साहेबांनी हात लांब करून रेडिओ लावला.

त्या गाण्याच्या आवाजात मी म्हणाले, "मी सांगितलं तिला."

"काय?"

"त्या पहिल्या पंपावर ती माणसं धावत येतात, आत बघतात. मला नको होतं. म्हणून मीच तिला तिकडे न्यायला लावलं. लाल नळीही मीच म्हणाले." आरशातून साहेबांनी माझ्याकडे पाहून आदराने मान लववली. म्हातारी बाई बोलत होती म्हणून.

सोमवारी किल्ली नेहमीच्या जागी लटकलेली होती; सुनेने ती घेतली आणि गाडी नेली.

मला वाटलं होतं सुनेला बरं वाटेल. संध्याकाळी कणीक मळताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही मध्ये पडायला नको होतं. आता गाडी राहिली ती तुमच्याकडे बघून. माझ्याकडे बघून नाही."

ती म्हणत होती ते खरं होतं. आठवडाभर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते.

शनिवारी सकाळी तो झोपला होता. तिने त्याच्या उशाशी जाऊन किल्ली ठेवली. "ऊठ. हायओकू तू भरून आण, सामानही आण. लेकीला घेऊन जा. शब्द तू दिलायस."

"अगं, झोपायला आज एकच दिवस मिळतो मला."

"मला कुठला मिळतो?"

तो उठून तोंड धुऊन, नातीला घेऊन गेला. दोन तासांनी आला, पिशव्या दाराशी ठेवल्या आणि बूट न काढता पायरीवर बसला. "केवढी रांग असते," म्हणाला. "आणि ही मागे रडत होती."

"पिवळं घातलंस?" मी विचारलं.

"हो. दर शनिवारी मीच जाईन." हे तो माझ्याशी नाही, आत बघून बोलला.

मी आत जाऊन पाहिलं, तर सून आडवी झाली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी, गाढ झोपलेली. मी दार लोटून घेतलं. दुपारी दोन वाजेपर्यंत तिला उठवलं नाही. तिच्या वाटणीचा भात झाकून ठेवला.