चिमटेकाकांची शेवटची मागणी

माझ्या मावशीच्या यजमानांवर अन्याय झाला. अठ्ठ्याहत्तर साली, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या पाळीचा भोंगा वाजायच्या जरा आधी. कुणी केला तेही सांगतो. अर्धा कंपनीनं केला आणि उरलेला अर्धा आम्ही, म्हणजे आमच्याच युनियननं. आता एवढं वाचून तुम्हाला राग यायला हवा, पण येणार नाही, मला ठाऊक आहे. पत्रकं लिहून लिहून एक गोष्ट कळली आहे: माणूस कोण होता हे कळल्याशिवाय त्याच्यावरच्या अन्यायाचा कुणाला राग येत नाही. तेव्हा आधी माणूस सांगतो. लोंबती वायर दिसली की ज्याला घास गोड लागत नाही असा माणूस पिंपरी-चिंचवडातच काय, अख्ख्या भूतलावर एकच निपजला, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या पदरात पडला.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास, इकडे एकेक शेड उभी राहत होती तेव्हा, काका नगरकडून आले आणि कारखान्यात वायरमन म्हणून चिकटले. पुढे नोकरीसाठी मी आलो, तो कासारवाडीत त्यांच्याच दोन खोल्यांत पथारी टाकून राहिलो आणि त्यांच्याच शेडमध्ये फिटर म्हणून लागलो. त्यामुळे हा माणूस मी घरी आणि कामावर असा दोन्ही पाळ्यांत पाहिलेला आहे. आमच्या शेडमध्ये छताखालून लोखंडी नळ्या गेलेल्या. त्यांना कंड्युट म्हणतात, वायरी त्यांच्या पोटातून जातात. जिथे हातातलं ड्रिल किंवा ग्राइंडर चालवायचं, तिथे नळीवरच्या डबीतून एक जाड वायर खाली सोडलेली असायची. ती तशीच लोंबायची. दिवसभर ओढाओढ. सगळा भार वर डबीतल्या दोन बारक्या स्क्रूंवर. कधीतरी ओढून ओढून ती डबीतून सुटली आणि मशीनच्या अंगावर पडली. एक टर्नर शॉक लागून तिथेच चिकटला. वाचला, पण त्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली. मेन स्विच बंद करायला धावलेला माणूस म्हणजे आमचे काका. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. "वायर कधी मुद्दाम मारत नाही रे," ते म्हणायचे, "आपण तिला गळ्यानं टांगतो. मग ती तरी काय करणार?"

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे चिमटा. लोखंडी पट्टी वाकवून केलेला. त्याचा एक जबडा कंड्युटला धरायचा, दुसरा जबडा खाली सोडलेल्या वायरीला. वायरीच्या जबड्याला आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचं अस्तर, म्हणजे साल खरवडायची नाही. मधला नट हातानं आवळायचा. भार चिमट्यावर, आणि डबीपर्यंतची वायर सैल, तिला थोडा झोल ठेवलेला. त्या झोलाला काका 'पोट' म्हणत. नवीन माणूस खात्यात आला की त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी ते वर बोट दाखवून सांगत, "वायरीला पोट ठेवायचं. ज्याला पोट नाही त्याला सुख नाही." बोलणारा माणूस स्वतः बांबूसारखा सडसडीत. वर्षभरात अख्ख्या शेडला चिमटे लागले आणि काकांचं खरं नाव हजेरीच्या कार्डापुरतं उरलं; बाकी सगळ्यांना ते चिमटेकाका.

आता कामगार ही काय चीज आहे ते मी कामगार असून सांगतो. चार-आठ दिवसांत प्रत्येक चिमट्याला काहीतरी टांगलेलं. जेवणाच्या पिशव्या, ओले पंचे, एकदा तर कुणाच्या तरी लेकरासाठी घेतलेला फुगा. काका शिडी घेऊन फिरायचे आणि पिशव्या उतरवायचे. एकदा वेल्डिंगवाल्याची पिशवी त्यांनी त्याच्या पुढ्यात आणून आपटली. "माझा चिमटा वायर पेलायला केलाय. भाकरीचं वजन पेलायला नाही!"

"भाकरी कुठं, काका," वेल्डिंगवाला गरीब चेहरा करून म्हणाला, "आज नुसता भात हाय."

काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच्या अवजारांच्या खोक्याशेजारी भिंतीत एक खिळा ठोकलेला निघाला, पिशवीसाठी. खिळ्यालाही रबराचं अस्तर होतं.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. आमची घरमालकीण गावातली जुनी बाई. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या भिताडाला भोकं पाडायची न्हाईत, सांगून ठिवते." काकांना हे वाक्य म्हणजे पर्वणी. चिमट्याची सगळी खुबीच ती, भोक पाडावं लागत नाही; आहे त्या नळीला धरायचं. बघता बघता इस्त्रीची वायर, टेबलफॅनची वायर, रेडिओची वायर, सगळ्या भिंतीवरच्या नळीला चिमट्यांनी धरलेल्या. मावशीला इस्त्री करायची तर तेवढ्याच कोपऱ्यात, कारण चिमटा काढला तर काका कामावरून आल्यावर चेहऱ्याकडे नाही, आधी भिंतीकडे बघणार. आत्याबाई दारात उभी राहून म्हणायची, "अगं, ह्या बाबानं तुला चिमटा लावला न्हाई म्हंजी मिळवलं!" मावशी शांतपणे सांगायची, "मला काय गरज? मी कुठं लोंबते? सगळं घर मी धरलंय."

माझ्या बहिणीला बघायचा कार्यक्रम ठरला. पाहुणे पिंपळे गुरवचे, आणि बैठक त्यांच्याच एका नातलगाकडे. पोहे आले, मुलगी आली, मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून पहिला प्रश्न विचारला, आणि पंखा बंद पडला. सगळ्यांनी वळून पाहिलं. काका चहाच्या टेबलावर उभे. मोजे घातलेले, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर, मेन स्विच स्वतःच जाऊन बंद करून आलेले. खोलीभर आडवी गेलेली टेबलफॅनची वायर ते गोळा करत होते.

"हे कोण?" मुलाच्या आईनं विचारलं.

"मुलीचे काका," मावशी पदरानं वारा घेत म्हणाली. "वायरमन आहेत."

"पण आम्ही वायरमन बोलावला नव्हता."

काका तोंडातला स्क्रू-ड्रायव्हर काढून अदबीनं म्हणाले, "बोलावतात ते शॉक बसल्यानंतर, बाई. आधी कोण बोलावतं?" आणि खिशातून चिमटा काढला. होय, लग्नाच्या बैठकीला हा माणूस खिशात चिमटा घेऊन गेला होता. वाटलं, संपलं सगळं. पण मुलाच्या वडिलांनी जाताना चिमट्याला हात लावून पाहिला, दोनदा ओढून पाहिला, आणि होकाराच्या निरोपातच पुढे जोडून पाठवलं की येताना असले आणखी चार आणा. बहीण आज सुखात आहे. तिच्या सासरी एकही वायर लोंबत नाही.

तर असा माणूस. आता अठ्ठ्याहत्तरची खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं पुसून, धुऊन, झेंडू वाहून पूजतात. त्या वर्षी पूजेला मुंबईहून बडे पाहुणे येणार होते. शेड चकचकीत दिसावी म्हणून वरच्या सगळ्या नळ्यांना चंदेरी रंग द्यायचं ठरलं. रंग द्यायचा तर चिमटे उतरवायला हवेत, म्हणून उतरवले. इथपर्यंत माझी तक्रार नाही. रंग वाळला. काका चिमट्यांचं पोतं आणि शिडी घेऊन उभे. आणि आमच्या खात्याचे साहेब मान वर करून म्हणाले, "राहू द्या आता. बघा, किती सुटसुटीत दिसतंय!"

काकांनीही वर पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, धोतराची गाठ सोडली तर माणूसही सुटसुटीत दिसतो. थोडा वेळ."

आम्ही आजूबाजूचे हसलो. तिथेच चूक झाली. साहेबही हसले असते तर चिमटे लागले असते. पण सगळी शेड हसल्यावर साहेबांना हसता येईना. पोतं भंगारात टाकायचा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेल्या यंत्रांवर त्या वायरी पुन्हा गळ्यानं टांगलेल्या, आणि खाली पाहुणे पेढे खात होते. काकांनी पेढा घेतला नाही. मधुमेह आहे म्हणाले. नव्हता.

मी संध्याकाळी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. 'रंगाला पैसा आहे, जिवाला चिमटा नाही' अशी ओळ होती त्यात. युनियनचे पुढारी अण्णा. माणूस जुना, वाटाघाटीत मुरलेला. त्यांनी वाचलं, पाठ थोपटली, म्हणाले, "शाब्बास. मागणीपत्रात घालू." आणि घातली. कमिटीत बसून यादी झाली: पगार, रजा, बूट, हात धुवायचा साबण, कँटीनच्या चहाचा पेला मोठा, आणि सर्वांत शेवटी: 'शेडमधील लोंबत्या वायरींस पूर्ववत चिमटे बसवणे.' मी घरी जाऊन काकांना सांगितलं. काकांनी जेवता जेवता दोनदा विचारलं, "पूर्ववत असाच शब्द आहे ना?" त्या रात्री त्यांनी खिरीची दुसरी वाटी घेतली. मधुमेहवाल्या माणसानं.

बोलणी झाली. साबण मिळाला. चहाचा पेला मोठा झाला. बूट अर्धे मिळाले, म्हणजे अर्ध्या लोकांना. चिमटे नाहीत. मी अण्णांना गेटवरच गाठलं.

"अरे भावा," ते दमल्या आवाजात म्हणाले, "शेवटच्या एक-दोन मागण्या सोडायलाच लिहायच्या असतात. समोरच्याला काहीतरी जिंकल्यासारखं वाटायला नको? हे सगळीकडे असंच चालतं."

"मग पेला सोडायचा!"

"पेला रोज दिसतो. वायर पडेल तेव्हा दिसेल. माणसं मला पेल्याचं विचारतात राव, वायरीचं कोणी विचारलंय का अजून?"

 अण्णा माणूस वाईट नाही. साहेबही वाईट नाहीत. त्यांना शेड छान दिसायला हवी होती एवढंच. दोन बरी माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसली आणि त्यांनी मधल्यामध्ये काकांना सोडून दिलं. मी घरी आलो. कसं सांगायचं याची उजळणी करत आलो. काका दारातच बसले होते. माझ्या हातातली साबणाची वडी त्यांनी आधी पाहिली आणि त्यांना कळलं. वडी हातात घेतली, वास घेतला, मोरीवर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. "चांगला आहे," म्हणाले. "फेस येतो."  मी त्यांच्याऐवजी भांडायला तयार होतो, उपोषणाला बसायला तयार होतो. पण ज्याच्यासाठी बसायचं तो माणूस साबणाला नावं ठेवायलासुद्धा तयार होईना.

भंगारातलं ते पोतं मात्र त्यांनी परत मिळवलं. भंगारवाल्याला त्याच्या दुकानातली वायरिंग फुकट करून दिली आणि पोतं सायकलवर लादून आणलं. ते आज त्यांच्या खाटेखाली आहे. काका आता निवृत्त झाले. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, शिडी तर लांबच. तरी खंडेनवमीला पोतं बाहेर निघतं. एकेक चिमटा तेलाच्या फडक्यानं पुसायचा, नट फिरवून बघायचा, ट्यूबचं रबर वाळलं असलं तर बदलायचं. मावशी कुरकुरते, "कुठं लावायचेत आता?" पण पोत्याला हळद-कुंकू तीच लावते आणि वर झेंडूचं फूलही ठेवते. आत्याबाई पूर्वी हसायची. ह्या वर्षी तिनं गुपचूप पोत्याला हात जोडले.

आणि मी कामावरून आलो की काका विचारतात. लगेच नाही. आधी चहा होऊ देतात, पावसापाण्याचं बोलतात, पेपर उलटतात. मग पेपराच्या आडूनच, सहज आठवल्यासारखं:

"लागले का रे?"

"लागतील, काका."

"हां. घाई नाही. तेल लावून तयार आहेत."

मी अजून तिशीचाही नाही आणि ह्या दोन शब्दांनी थकलो आहे. मोर्चानं मी थकत नाही, गेटवरच्या सभेनं थकत नाही. ह्या "लागतील"नं थकतो. रोज ड्रिल चालवताना मी वर बघतो. चंदेरी रंग काळा पडला आहे, वायर तशीच लोंबते आहे, डबीतले ते दोन बारके स्क्रू तसेच ओढले जात आहेत. अजून कुणी मेलेलं नाही, म्हणून कुणी काही लिहीत नाही. मेलं की लिहितील. मीच लिहीन; मला त्याला अर्धा तास पुरतो. पण ते पत्रक मला लिहायचं नाही आणि काकांना वाचून दाखवायचं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही जिथे कामाला असाल, तिथे उद्या पाळीवर गेलात की आधी मान वर करा. वायर गळ्यानं टांगलेली दिसली तर तिच्याखाली उभं राहून हसू नका, आम्ही हसलो होतो. तुमचं मागणीपत्र निघेल तेव्हा कमिटीत जाऊन बसा, लेखणी हातात घ्या आणि ही मागणी लिहा. पहिली लिहा, पगाराच्या वर. आणि मंजूर झाली की कासारवाडीला या. चिमटे तयार आहेत. काकांना तुम्हीच सांगा.