दुर्बिणीचं टोपडं

लग्न होऊन मी माहूरकडून रेणापूरजवळच्या सासरी आले, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, घरात सून नवी आणि सासऱ्यांच्या बंदुकीवर दुर्बीण नवी. जुना होता तो फक्त दुष्काळ. तिघांत जास्त कौतुक कुणाचं झालं, हे मी सांगायला नको.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. पिकाच्या राखणीसाठी मामांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी नि शिशाची गोळी गजानं ठासायची, ठिणगीची टोपी बसवायची, घोडा मागं ओढायचा आणि मग देवाचं नाव घेऊन चाप दाबायचा. एवढं होईतो रानडुक्कर जेवण उरकून शेजारच्या शिवारात हात धुवायला गेलेलं असे. अशा बंदुकीसाठी फौजेतल्या माझ्या दिरांनी छावणीच्या जुन्या बाजारातून दुर्बीण आणली. वेल्डिंगवाल्यानं दोन पट्ट्या आवळून ती नळीवर बसवली. बैलगाडीला मोटारीचा आरसा लावावा तसं ते ध्यान दिसायचं.

त्या वर्षी विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर आमची एक पट्टी ज्वारी उभी होती. माणसांना रेशनचं धान्य तरी मिळत होतं, पण बैलजोडीला वैरण म्हणजे तेवढाच कडबा. तो गेला तर बैल बाजारात जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि डुकरांनाही शिवारात हिरवं म्हणून तेवढंच दिसत होतं.

मामांना मात्र काळजी दुर्बिणीची. पहिल्याच बाराला धुरानं काच काळवंडली, तेव्हापासून त्यांनी बंदूक उडवणं सोडलं आणि दुर्बीण जपणं धरलं. ठिणगी लागू नये म्हणून मागं चामड्याचा तुकडा बांधला. मग मला म्हणाले, "सूनबाई, तुझ्या हाताला शिवण हाय. हिला एक टोपडं शिव. धूळ लई उडायलीय."

रुखवतातल्या लाल मखमलीचं मी टोपडं शिवलं, खाली नाडी लावली. शिवताना शेजारच्या काकूंनी पाहिलं. नवी सून टोपडं शिवते म्हणजे आणखी काय? संध्याकाळपर्यंत गल्लीतून मला चिंचा आल्या. "दुर्बिणीचं आहे," असं सांगितलं तर बायका म्हणाल्या, "हाव हाव, पहिल्या खेपेला सगळ्याच लाजतेत." चिंचा मी खाल्ल्या. दुष्काळात आलेली वस्तू परत कशाला करायची?

पूर्वी परवान्यासाठी बंदूक दाखवायला उस्मानाबादेला जावं लागे, आता मामा लातूरला गेले. कचेरीत ज्याला त्याला टोपडं काढून दुर्बिणीतून नवा जिल्हा बघायचा होता. नवं काही कुणाला दिसलं नाही. मामा परतले तेव्हा आत्या म्हणाल्या, "इतक्या जणांनी बघितली, दृष्ट लागली असंल." आणि काजळाची चांगली ठसठशीत तीट त्यांनी थेट काचेवरच लावली. वर टोपडं चढवून नाडीला निरगाठ मारली.

मग एका पहाटे डुकरांचा कळप ज्वारीत शिरला. मामा बंदूक घेऊन आणि आत्या नि मी परात घेऊन बांधावर पळालो. बार कधीपासून भरूनच ठेवलेला होता. मामांनी खाली बसून घोडा मागं ओढला, डोळा लावला, तर टोपडं. निरगाठ बोटांनी सुटेना, दातांनी सोडवली. पुन्हा डोळा लावला.

"समदं काळंच दिसायलंय," ते म्हणाले.

"डुकरं काळीच असतेत," आत्या म्हणाल्या. "मारा की."

मामांनी चाप दाबला. टोपी फुटली आणि आत दिवसचे दिवस पडून राहिलेली दारू नुसती फुसफुसली. एका डुकरानं मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कणसात तोंड घातलं. शेवटी आत्या नि मी परात बडवत धावलो, तोवर पट्टी आडवी झाली होती. मागं वळून बघते तर मामा धोतराच्या सोग्यानं दुर्बीण पुसत बसलेले. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या दिवशी त्यांना भाकरी वाढली ती ताटात आपटूनच.

बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस बैल घेऊन गेला. आत्यांनी बैलांना कुंकू लावलं, मामा दावणीकडं फिरकलेसुद्धा नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांना शोधत माळवदावर गेले. पट्ट्यांतून सोडवलेली दुर्बीण डोळ्याला लावून ते सडकेकडं बघत बसले होते. माझा राग तिथंच गळाला, मला रडू आलं. तांब्या खाली ठेवून मीही बघू लागले. सडक लांबवर मोकळी होती, धूळसुद्धा बसली होती.

"दिसायलेत का अजून?" आत्यांनी खालून विचारलं.

"दिसायलेत," मामा म्हणाले.