लाल बटणावरचं पाणी

दिगंबर गेल्याची बातमी मला आमच्या केबल कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. साहेबांनी लिहिलं होतं, ‘दूरदृष्टीचा सहकारी हरपला.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. वाचून डोकं सणकलं. हेच साहेब मीटिंगमध्ये त्याला ‘नियमबुवा’ म्हणायचे... आणि हसणाऱ्यांत मी पहिला असायचो. आता सव्वा महिना झालाय, खरं लिहायला हरकत नाही.

क्रांती चौकाजवळच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघं सेटटॉप बॉक्ससाठी प्रोग्राम लिहायचो. रिमोटचं लाल बटण दाबलं की टीव्हीवर राशिभविष्य, गाण्यांची फर्माईश, असलं काहीबाही दिसायचं. दुष्काळाची वर्षं होती ती. शहर चहूकडे पसरत होतं, नव्या कॉलन्या उठत होत्या आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. पाण्याच्या दिवशी घरी थांबायचं कोणी, यावरून वाळूजच्या कारखान्यांतल्या शिफ्टवाल्यांच्या घरात भांडणं. दिगंबर सिल्लोडकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्याचं म्हणणं एवढंच, की कुठल्या कॉलनीला पाणी कधी, ते लाल बटणावर दिसावं.

कंपनीने सेटटॉपचे डबे घेतले होते तीन जातींचे, जो स्वस्त देईल त्याचे. तिन्ही खोक्यांवर छापलेलं, की एकाच सामायिक नियमावलीप्रमाणे चालतात, म्हणजे एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठेही चालेल. धादांत खोटं. दिगंबरने नियमावली तंतोतंत पाळून पाण्याचं पान लिहिलं. ते एका डब्यावर चाललं, दुसऱ्यावर अडलं आणि तिसऱ्यावर टीव्हीच काळा. साहेब म्हणाले, प्रत्येक डब्यासाठी वेगळं लिही. मी आठवड्यात तशी ठिगळं लावून भविष्याचं पान चालवलं आणि शाबासकी खाल्ली. हा ढिम्म.

“आज ह्या डब्याच्या खोडीपरमाणं लिवलं. उद्या चौथा डबा आला की?” तो म्हणाला. “खोड डब्यात हाय, नियमात नाय.”

साहेबांनी ते काम बंद केलं. मी वर त्याला सुनावलं, तुझ्या नियमांनी कुणाचा माठ भरत नाही.

पुढे कंपनीने सगळे डबे बदलले. नवे खरोखर नियमाने चालणारे निघाले. माझं भविष्य पहिल्याच दिवशी कोसळलं आणि त्याने परत चढवलेलं अडगळीतलं पान एका अक्षराचाही बदल न करता सुरू झालं. साहेबांना ते कित्येक वर्षं कळलंही नाही, कारण त्यांच्या बंगल्यात बोअर होतं.

दहाव्यानंतर भेटायला गेलो, तर त्याच्या आईने रडण्याआधी रिमोट पुढे केला.

“बाबा, तो गेला तवापून ह्यात रोज उद्याच पाणी येणार म्हणतंय. गल्ली मला इचारती. म्या कुणाला इचारू?”

मी समजत होतो, माहिती महापालिकेकडून आपोआप येते. कसली येते! आईंच्या बोलण्यातून उलगडलं, दिगंबर रोज सकाळी चहाआधी पाणी सोडणाऱ्या लाइनमनला फोन करून विचारायचा आणि कंट्रोल रूममध्ये येऊन स्वतः टाइप करायचा. शेजारच्या खुर्चीत बसून मला कधी कळलं नाही, याची लाज वाटली.

आईंनी दिगंबरचा मोबाइल दिला. मी त्यावरून लाइनमनचा नंबर लावला. मी काही बोलायच्या आत लाइनमन म्हणाला, “साहेब, लई दिसांनी. तुमच्याकडं परवा, सकाळी सहाला.”

दिगंबर गेला, हे मला त्याला सांगता आलं नाही. कंट्रोल रूममध्ये जाऊन ‘उद्या’ खोडून ‘परवा’ लिहिलं. तेव्हापासून चहाआधी तो फोन मी लावतो. आईंच्या रिमोटवरचं लाल बटण अंगठ्याने झिजून पार पांढरं पडलंय.