खुर्च्या उत्तम, नांगर मोडला

मंडळी, आज सकाळी शहाद्याजवळच्या सुतारकामाच्या नव्या शाळेची तपासणी झाली. साहेबांनी मुलांनी केलेल्या खुर्च्या हलवून पाहिल्या. एकही करकरली नाही. शेरा मिळाला, 'उत्तम'.

तपासणीची बातमी टिपून दुपारी मी याच शाळेच्या पहिल्या तुकडीत पहिला आलेल्या गोविंदाच्या गावी गेलो. त्याचे वडील गावचे सुतार. लकव्याने त्यांचे हात गेले, म्हणून घर आता गोविंदावर.

"त्यानी नांगर करा," वडील म्हणाले, "पन सागनी सरळ फळीना. पहिलाच दिन मोडी गया."

शाळेत सागाच्या आयत्या, सरळ फळ्या मिळत. नांगराला बाभळीचे मुळातच वाकडे, चिवट खोड लागते; त्यातून नांगर काढायला तिथे कोणी शिकवले नव्हते.

"आप्पा, आते तुम्हीन शिकाडा," गोविंदा म्हणाला.

"हात कोठे शेतस रे मन्हा?" मांडीवरच्या निकामी हातांकडे पाहत वडील म्हणाले.

नांगरणीचे दिवस थांबत नाहीत. गावाने शेजारच्या गावचा सुतार धरला. वर्षभराचे बलुत्याचे धान्यही आता त्याच्याच घरी जाईल.

गोविंदा उद्या सुरतेला हमालीसाठी निघतो आहे. साहेबांचा शेरा मी बातमीत दिला आहे. पण तुमच्या गावचा असा शिकलेला मुलगा गावात टिकला का, ते मला कळवाल?