कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचा, ही आमच्या वाटूरकडची रीत. त्या वर्षी वडिलांनी तो माझ्या खोलीत पार छतापर्यंत रचला. मी कोपऱ्यात कॉम्प्युटर लावून टायपिंगची कामं करत राहिलो.

एका दुपारी चालू कामात स्क्रीन एकदम काळी पडली. बटण दाबलं, वायरी हलवल्या, शेवटी चिडून खालच्या सीपीयूच्या डब्याला थापड मारली. हात चांगलाच पोळला! स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आतला पंखा कापसानं गच्च जाम झालेला आणि त्याच्या बुडाशी तंतू करपून तांबूस पडलेले. म्हणजे हा डबा तापून आपोआप बंद पडला नसता तर? मागं हातभर अंतरावर वर्षाचं पीक होतं.

मी ओरडून वडिलांना बोलावलं. त्यांनी करपलेले तंतू बोटांत चुरगाळून नाकाशी धरले आणि ते गरजले,

"जल्दी बाहीर काढ समदं!"

मी धावत जाऊन कापूस कवेत घेतला.

"आरं, कापूस न्हाई," ते माझ्यावरच खेकसले, "तुझा डबा!"