सहीशिवाय बाटली मिळणार नाही!

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठतात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी निदान दर गुरुवारी रिसायकलिंगला जातात. किस्से कुठे टाकायचे? म्हणून तुम्हाला ऐकवते.

ऑफिस म्हणजे पिस्कॅटवेतलं एक गोडाउन आणि त्यात आम्ही तीन माणसं. प्रमोदकाका मूळचे साताऱ्याचे. वीस वर्षं डेटाबेस सांभाळले आणि मग सगळं सोडून न्यू जर्सीत द्राक्षं लावली, वाइन करायला! त्यांच्या पत्नी शुभाकाकू पॅकिंग बघतात. आणि मी परमिटवाली.

अमेरिकेत वाइन थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायची म्हणजे काय ताप आहे, विचारू नका. प्रत्येक स्टेटचा कायदा वेगळा, परमिट वेगळं, फॉर्म वेगळा. काही ठिकाणी तर पाठवायचीच नाही. आणि घेणारा एकवीस वर्षांचा हवा, आयडी दाखवून सही करणारा हवा. मोठी दुकानं आम्हाला दारात उभं करत नाहीत, त्यामुळे आमचा बहुतेक धंदा घरपोच. एक खोकं चुकीच्या हातात पडलं की परमिट धोक्यात, आणि परमिट गेलं की काकांच्या वायनरीला टाळं!

पण छाती पुढे काढून सांगते, आजवर आमचं एकही खोकं चुकीचं गेलेलं नाही. जाता जाता राहिलं, ती गोष्ट वेगळी.

*

एका स्टेटचा नियम असा, की एका माणसाला महिन्याला चोवीस बाटल्या, बस. इथल्या पार्सिपनीहून तिकडे शिफ्ट झालेल्या एका कुटुंबाने वास्तुशांतीनंतरच्या पार्टीसाठी बरोब्बर चोवीस मागवल्या. मी सील करायला गेले, तर दुसऱ्या खोक्याचं झाकण बसेना. उघडलं, तर वर टॉवेलात गुंडाळलेली पंचविसावी!

"काकू, ही कुठून आली?"

"अगं, नवं घर आहे त्यांचं. मोजून मापून कसं द्यायचं? वर एक शकुनाची."

"काकू, कायद्यात शकुन नसतो!"

"मग कायदा करताना एखाद्या घरंदाज बाईला विचारायचं होतं," असं म्हणून काकूंनी बाटली काढली आणि त्या जागी तिळाच्या लाडवांची पिशवी कोंबली.

लाडवांवर लिमिट नाही. मी चेक केलं!

*

जवळच्याच आयसेलिनच्या एका गिऱ्हाइकाची आई नागपूरहून आली होती. वय चौऱ्याहत्तर. डिलिव्हरीच्या वेळी घरात त्या एकट्याच. ड्रायव्हरने आयडी मागितला. आजींनी पांढरे केस दाखवले, दोन नातवंडांचे फोटो दाखवले. पासपोर्ट मुलाच्या कपाटात, किल्ली मुलाच्या खिशात! ड्रायव्हर खोकं घेऊन परत गेला.

संध्याकाळी मुलाचा तावातावाने फोन. "अहो, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला एकवीसची आहेस का विचारतात? काही लाज?"

मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला. "रागावू नको ना बाप्पा! कितीक वर्षांनी कोणाला शंका आली!"

*

एका दूरच्या स्टेटचं परमिट आम्ही हौसेने काढलं. तिथे तीन वर्षांत एक बाटली विकली गेली नाही. पण नियम असा, की काही विकलं नाही तरी तसं दर महिन्याला कळवायचं. मी कळवायचे. एक महिना चुकवला नाही. शेवटी तिथल्या ऑफिसातल्या बाईंचाच फोन आला.

"मॅडम, माझ्या अख्ख्या नोकरीत 'काही नाही' इतकं वेळेवर कळवणारे तुम्हीच!"

मी ते कौतुक दिवसभर मिरवलं. काका म्हणाले, "मिरव, मिरव. पण एखादी बाटलीपण विक!"

*

आता इराचा किस्सा. इरा ही काका-काकूंची एकुलती एक. इथेच जन्मलेली, दुसऱ्या स्टेटमध्ये कॉलेजला. तिच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी काकांनी तीन वर्षं एक बाटली राखून ठेवली होती, लेबलवर तिचं नाव. नेमकं त्याच महिन्यात त्या स्टेटचं आमचं परमिट रिन्यूअलला होतं, सगळे कागद तपासायला गेलेले.

"सोमवारीच पोचली पाहिजे हं," काका म्हणाले. मी एरवी प्रत्येकाची जन्मतारीख तपासते. पण मालकाची मुलगी, बाप स्वतः तारीख सांगतोय... नाही तपासली. चुकलंच माझं.

सोमवारी दुपारी ट्रॅकिंगवर लाल अक्षरं आली: डिलिव्हरी नाकारली.

काकांचा चेहराच उतरला. "नाकारली? माझी वाइन?" त्यांनी इराला फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, आय ॲम ट्वेंटी."

"असं कसं? आज वैशाख शुद्ध सप्तमी! एकवीस पूर्ण!"

"तिथीने, बाबा! माझ्या लायसन्सवर तिथी नाहीये. देअर आर ट्वेंटी टू डेज लेफ्ट."

मी कपाळावर हात मारला. पुढे कळलं, की तिची रूममेट बावीसची. ती सही करायला तयार होती, हात पुढे केला होता, पण इरानेच तिला थांबवलं.

"मग करू द्यायची ना तिला," काकू कळवळून म्हणाल्या. "तुझ्या नावाची बाटली गं ती."

"आई, आतल्या बाटलीवर माझं नाव आहे. बाहेर परमिटवर बाबांचं आहे."

काका चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

शुक्रवारी ड्रायव्हर खोकं परत घेऊन आला, तेव्हा काका आयसेलिनच्या देसी दुकानातून आणलेला पेढ्यांचा बॉक्स उघडून दारातच उभे. त्याला एक दिला, मग आणखी एक. तो बिचारा गोंधळला, म्हणाला, काय ऑकेजन?

काका म्हणाले, "माय डॉटर रिफ्यूज्ड माय वाइन!"